त्यांच्या नावाचं कार्ड

माझा कॅन्सर पहिल्यांदा निघाला तो माझ्या नवऱ्याच्या नावावर. हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवून बघितलंय. आधी हसतात, मग विचारतात, म्हणजे कसं? ते कसं, तेच इथे लिहायचं आहे. आतड्याच्या आजाराची शास्त्रीय माहिती तुमचे डॉक्टर देतील. माझ्याकडे सांगण्यासारखी आहे ती एक चूक. ती मी डोळे उघडे ठेवून केली. तिच्यामुळे मी वाचले की तिच्यामुळे मरता मरता राहिले, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

श्रावणाची युक्ती

मी शैला तोरसकर. ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपर पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहत होतो आणि मी तिथल्याच म्युनिसिपल शाळेत चौथीला शिकवत होते. शिकवावे सगळेच विषय लागत, पण जीव रमायचा तो विज्ञानात. मोड आलेली मटकी, गंजलेला खिळा, गांडूळ, काहीही वर्गात न्यायचे आणि मुलांना लिहायला लावायचे. तारीख घाला, दिसलं ते लिहा, दिसायला हवं होतं ते लिहू नका, हे माझं पालुपद.

एका दुपारी डॉ. परेरा नावाची तिशीची मुलगी खांद्याला झोळी लावून आमच्या जिन्यात आली. मुलुंडच्या बाजूच्या एका धर्मादाय रुग्णालयात ती संशोधन करत होती. मूळची वसईकडची, मराठी फाडफाड बोलायची.

"बाई, मला पंचेचाळिशीच्या वरचे सगळे हवेत," ती म्हणाली. "काही त्रास नसलेले. त्रास असलेले आपणहून येतात, पण तोवर उशीर झालेला असतो ना."

तिने झोळीतून पुठ्ठ्याचं एक कार्ड काढलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, आत दोन चौकोनी खिडक्या. रोज सकाळी शौचाचा कणभर नमुना लाकडी काडीने त्या खिडक्यांत लावायचा, कार्ड मिटायचं, वर नाव आणि तारीख घालायची. असे तीन दिवस, तीन कार्डं. प्रयोगशाळेत त्यावर औषधाचा थेंब टाकला की डोळ्याला न दिसणारं रक्तही निळं होऊन दिसतं. माझा विश्वास बसेना. तेव्हा तिने स्वतःच्या बोटाला सुई टोचली, एका कोऱ्या कार्डावर बोट टेकवलं आणि वर थेंब टाकला. निळा रंग पसरताना बघून मी तिला चहाला आत घेतलं.

तिची अडचण वेगळीच होती. या तीन दिवसांत आणि आधीही दोन-तीन दिवस मांस-मासळी बंद, मुळा आणि फ्लॉवर बंद, नाहीतर खोटाच निळा रंग येतो. आमची वसाहत निम्मी कोकणातली. आमच्या मजल्यावरच्या कुंदा गावडेने तिला पहिलाच प्रश्न विचारला, "सुकट चालेल का?"

"डॉक्टर, श्रावणात या," मी म्हटलं. "मासे तसेही बंद असतात. मुळा तेवढा मी बंद करते."

ती खूश झाली. मीही खूश झाले, आणि त्या भरात आमची अख्खी बिल्डिंग मी तिला कबूल करून बसले.

दोघांचं एकच

बायका तयार झाल्या. माझी तीन कार्डं मंगळवार, बुधवार, गुरुवार अशी झाली. नमुना लावताना किळस येईल असं वाटलं होतं. आली नाही. आपल्याच शरीराने काय लिहून पाठवलंय ते वाचायला मिळणार याचीच उत्सुकता जास्त होती.

आमच्या ह्यांची कार्डं मात्र टीव्हीवर तशीच पडून होती. हे पूर्वी गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. गिरणी सुटल्यावर कुर्ल्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. चाळीस माणसांसमोर मुकादमाशी भांडणारा माणूस, पण ते कार्ड हातात घेईना.

"मी असला काय करूचंय नाय," ते म्हणाले. "उद्या ऑफिसात कोणी इचारल्यान तर सांगू काय?"

"कोण विचारणार आहे ऑफिसात?"

"तां माका म्हायत नाय. पण मी करूचंय नाय."

सोमवारी कार्डं न्यायला डॉक्टर येणार होती. सगळ्यांच्या घरी जाऊन मी भाषणं दिलेली, आणि माझ्याच घरातली तीन कार्डं कोरी. शुक्रवारी सकाळी संडासात जाताना मी टीव्हीवरचं पाकीट उचललं. शुक्रवार, शनिवार, रविवार. तिन्ही कार्डांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: वासुदेव तोरसकर, तारीख अमुक. तारखा तेवढ्या खऱ्या घातल्या.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकली-सवरलेली बाई. पण मला ते फार मोठं खोटं वाटलंच नाही. रेशनचा फॉर्म मी भरायची, विम्याचा कागद मी भरायची, सही तेवढी ह्यांची. त्यात हे आणखी एक.

दोन पत्रं

गणपतीला आम्ही गावी गेलो. परत आलो तर दाराखाली दोन पत्रं पडलेली. माझ्यात लिहिलं होतं, दोष आढळला नाही. ह्यांच्या पत्रात सहा खिडक्यांपैकी दोन निळ्या झाल्याचं लिहिलं होतं. घाबरू नये, पण आतून तपासणीसाठी अमुक दिवशी यावं.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. "माका?" एवढंच म्हणाले आणि बॅगेवरच बसले.

मी त्यांच्या हातातलं पत्र घेतलं. मनात भराभर हिशेब चालला होता. माझी स्वतःची कार्डं साफ आहेत. म्हणजे मी साफ आहे. मग निळा रंग कुठून आला? तेव्हा आठवलं, शुक्रवारी दुपारी शाळेतून आल्यावर मी मुळ्याची कोशिंबीर खाल्ली होती. माझं पथ्य गुरुवारी संपलं अशी डोक्यात गाठ, ह्यांच्या कार्डांसाठीही पथ्य पाळायला हवं हे लक्षातच आलं नाही. मुळ्यानेही निळं होतं हे डॉक्टरने स्वतः सांगितलेलं. जीव भांड्यात पडला. तपासणीत ह्यांचं काही निघणार नाही आणि विषय संपेल, असं मी ठरवून टाकलं.

तपासणीला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत ह्यांनी तंबाखू सोडली. स्वयंपाकघरातली हलणारी फळी दुरुस्त केली. आमची नीता तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, तिला विम्याचे कागद कुठल्या डब्यात आहेत ते दाखवलं. एकदा मी भाकऱ्या थापत होते तर दाराशी उभे राहून म्हणाले, "तुजी नोकरी आसा, म्हणान माका तितको घोर नाय."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. डॉक्टरसमोर, बिल्डिंगसमोर तोंडावर पडायची लाज होतीच. पण खरं कारण दुसरं होतं. ते रक्त जोवर ह्यांच्या नावावर होतं तोवर ते माझं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि ती मी नवऱ्याच्या गळ्यात घालून मोकळी झाले होते.

बाकडं

तपासणीच्या आदल्या दिवशी ह्यांना एरंडेल घ्यावं लागलं, सकाळी एनिमा. मग खालून नळी घालून आतडं बघायला त्यांना आत नेलं. पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, पण मागून येणारी डॉ. परेरा हसत होती.

"एकदम साफ आहे. काही नाही," ती म्हणाली. "कधी कधी होतं असं, कार्ड फसवतं."

ती आत गेली. हे बाहेरच्या बाकड्यावर जपून बसले आणि माझा हात धरला. चार माणसांत हात धरणारा माणूस नव्हे हा.

"देवान वाचवल्यान गो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, आता सुटका वाटेल. झालं उलटंच. दोन खिडक्या निळ्या झाल्या होत्या. ह्यांच्यात काही नाही हे आता कळलं. उरली मी आणि मुळा. एवढ्या मोठ्या गोष्टीचा भार मी एका कोशिंबिरीवर टाकून बसले होते.

"अहो," मी म्हटलं, "ती कार्डं तुमची नव्हतीच. मी भरली होती. सगळी माझीच आहेत."

त्यांनी हात सोडला. समोरच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाची पाटी होती, तिच्याकडे बघत राहिले. ओरडतील, निदान नळीबद्दल तरी ओरडतील, असं मला वाटलं. मग त्यांनी मान वळवली.

"म्हणजे तां रगात तुजा?" ते म्हणाले, आणि उठून, तसेच अवघडत, डॉक्टरच्या दारावर थाप मारायला गेले.

तारीख

डॉ. परेराने सगळं ऐकून घेतलं. मग तिने रजिस्टर ओढलं, पेन काढलं आणि माझ्यासमोर बसली. रागावायचं तिने नंतरसाठी ठेवलं असावं.

"मुळा कधी खाल्ला?"

"शुक्रवारी. दुपारी जेवताना."

"नक्की? सकाळी नाही?"

"दुपारी. शाळेतून आल्यावर."

तिने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. निळ्या झालेल्या दोन्ही खिडक्या एकाच कार्डावरच्या होत्या, आणि त्या कार्डावर माझ्याच अक्षरात शुक्रवारची तारीख होती. शुक्रवारची सकाळ. मुळा माझ्या पोटात गेला त्याच्या सहा तास आधीची.

मुलांना उठता बसता तारीख घालायला लावणारी बाई मी. बारा दिवस मुळ्याला धरून बसले आणि तारीख एकदाही जुळवून पाहिली नाही. तशातही एक प्रश्न सुचला, आणि तो मी विचारला.

"मग मंगळवार ते गुरुवार साफ कसं?"

"आत काही असलं तर ते रोज रक्त सोडत नाही, बाई. म्हणून तर तीन दिवस घेतो आम्ही." ती थांबली. "तुमचे सहा दिवस झाले. नुसतं स्वतःचं भरलं असतं तर तुम्हाला साफ म्हणून पत्र गेलं असतं. गेलंच आहे."

मग ती रागावली. चांगली पाच मिनिटं रागावली. तिच्या कामाचं मी काय करून ठेवलंय ते सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

आठळी

माझी तपासणी चार दिवसांनी झाली. नळी आत जात असताना परेरा आणि तिचे वरिष्ठ, मोठे डॉक्टर, आळीपाळीने भिंगातून बघत होते. मी डाव्या कुशीवर पडून विचारलं, काय दिसतंय? मोठे डॉक्टर म्हणाले, स्वस्थ पडा. परेरा म्हणाली, "गुलाबी, ओलं, वळ्यावळ्यांचं." मग ती बोलायची थांबली, आणि काहीतरी दिसलं असावं हे मला कळलं.

तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी निकाल आला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी आधी ह्यांना एकट्याला आत बोलावलं. त्या काळी अशीच रीत होती, पेशंटला शेवटी कळायचं. ह्यांनी दार उघडून मला हाक मारली. "तिका सांगा," ते डॉक्टरांना म्हणाले. "तिच्या नावचा तिका सांगा. एकदा घोळ झालो तितको पुरे."

फणसाच्या आठळीएवढी गाठ, डाव्या बाजूला. कॅन्सर, पण लवकर सापडलेला. तेवढा आतड्याचा भाग काढायचा. शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागेल का, हे मी विचारलं, कारण मरणापेक्षा त्या क्षणी मला शाळेतल्या खुर्चीवर पिशवी लावून बसण्याची धास्ती जास्त वाटली. बहुतेक नाही, ते म्हणाले. "बहुतेक" हा शब्द मी घरापर्यंत घेऊन आले.

घरी आल्यावर मात्र स्फोट झाला. ह्यांचा नाही, नीताचा. "बाबा बारा दिवस मरणाची तयारी करत होते आणि तू भाकऱ्या करत होतीस," ती म्हणाली. तिने माझा डबा केला, कपडे धुतले, रुग्णालयात न्यायची पिशवी भरली, पण ऑपरेशनच्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी स्ट्रेचरवर माझ्या केसांचा अंबाडा सोडून वेणी घालून दिली, घट्ट, लहानपणी मी तिची घालायची तशी.

वारा

वॉर्डात बारा खाटा. सकाळी पाचला दिवे लागत, सिस्टर थर्मामीटर तोंडात खुपसे, मावशी फरशी पुसता पुसता प्रत्येकीची चौकशी करी. आतड्याच्या ऑपरेशननंतर खायला काही देत नाहीत. आतडं चालू झालंय हे एकाच गोष्टीवरून कळतं, वारा सरला की. त्यामुळे मोठ्या डॉक्टरांपासून मावशीपर्यंत सगळे येऊन तेच विचारतात. सरला का?

पहिला दिवस नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. पोट ढोलासारखं. टाके उसवले तर, आतली शिवण सुटली तर, असले विचार येत. भीती वाटली की मी आतड्याची कल्पना करायची. कापून परत जोडलेलं, घाबरून गप्प बसलेलं, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलासारखं. मग त्याचा राग येईनासा व्हायचा.

हे रोज संध्याकाळी कारखान्यातून थेट येत. आणि कार्ड हातात न घेणारा हा माणूस वॉर्डाच्या दारातूनच, बारा खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, "सरलो काय गो?"

चौथ्या दिवशी सरला. मी सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही सांगितलं. त्या आजींनी हात जोडले. त्यानंतर दोन दिवसांनी शौचाला भांडं लागलं तेव्हा मावशी जेवायला गेली होती. भांडं ह्यांनी दिलं, ह्यांनीच उचलून नेलं, आणि परत येऊन हात पुसत म्हणाले, "नळीचा मी तुका अजून माफ करूक नाय हां." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते त्याबद्दल बोलले. मला फार बरं वाटलं. टाके धरून हसावं लागलं.

पिशवी लागली नाही. घरी जायच्या आदल्या दिवशी मी परेराला म्हटलं, मला ते बघायचंय.

"काय?"

"काढलेलं."

तिने कोणाची परवानगी घेतली की नाही, मला माहीत नाही. खालच्या एका खोलीत तिने मला काचेची बरणी दाखवली. करड्या रंगाची वीतभर नळी आणि आत, कडेला, ती आठळी. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर, काळं असेल. ती नुसतीच एक चूक वाटली, जिथे वाढायचं तिथे न वाढलेली. मी बराच वेळ बघितलं. रडू आलं ते त्यानंतर, जिना चढताना. परेरा एक पायरी खाली थांबून राहिली.

नोंद

महिन्याभराने मी तिच्याकडे गेले आणि रजिस्टर मागितलं. ती म्हणाली, मी केलंय ठीक. मी म्हटलं, मला करू द्या. त्या तीन तारखांसमोरचं वासुदेव तोरसकर मी एक रेघ मारून खोडलं, वर शैला तोरसकर लिहिलं, बाजूला सही केली.

"तुमच्या बिल्डिंगमध्ये अशी अजून किती कार्डं?" तिने विचारलं.

हा प्रश्न मी घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी कॉमन पॅसेजमध्ये गहू निवडत बसलेल्या बायकांना मी माझी सगळी हकिगत सांगितली. मग कुंदा सुपाकडे बघत म्हणाली, "आमचे तर कार्ड बघून चप्पल घालूनच बाहेर पडले. मी म्हटलं, दोघं एकाच टोपातलं जेवतो, वेगळं काय येणार?"

तिच्यापाठोपाठ आणखी तिघींनी नवऱ्याची कार्डं स्वतःच भरल्याचं कबूल केलं. परेराला सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि ती सगळी कार्डं बाद केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बाई, पुरुषांचं काय करू? उत्तर मी नाही, ह्यांनी दिलं. रविवारी सकाळी कॅरम क्लबात कार्डं घेऊन हे स्वतः गेले. "माज्यात नळी जाऊन इली हा," त्यांनी तिथे जाहीर केलं. "तुमका पुठ्ठ्याचो कसलो भय?"

पुढचा श्रावण

वर्ष गेलं. पुढच्या श्रावणात परेरा परत आली. ह्यांनी पहिल्याच दिवशी कार्ड भरलं, स्वतःच्या वाकड्या अक्षरात नाव घातलं. तिसऱ्या दिवशी तिन्ही कार्डं रबर लावून टीव्हीवर ठेवली.

शेजारी माझं पाकीट तसंच होतं. कोरं.

मला ते उचलवत नव्हतं. आधी निळा रंग बघायची मला हौस होती. आता रंगाला नाव होतं, आणि ते माझं होतं. पुन्हा निळं झालं तर काय, या विचाराने सकाळी पाकीट तिथेच ठेवून मी संडासात जायची. शिकवायला उभी राहिले की बरी असायची, घरी आले की टीव्हीकडे बघायची नाही.

चौथ्या सकाळी हे दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "काय गो, भरूक नाय तू?"

"भरेन."

"भय वाटता?"

"हो."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच. पाकीट उचलून माझ्या हातात दिलं. "गेल्या वर्षा तू माजा भरलंस," ते म्हणाले. "यंदा मी तुजा भरू?"

मी हसले आणि आत गेले.

गणपतीनंतर पत्र आलं. फोडायचं धाडस होईना, म्हणून त्यांच्याकडे दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"नाव तुजाच आसा," ते म्हणाले. "दोनदा बघलंय. काय एक दोष गावूक नाय."